काय टाकू?

आमच्या गावात दवाखाने दोन आणि कृषी सेवा केंद्रं सात. दवाखान्यात गेलं की डॉक्टर निदान एवढं तरी विचारतो, काय होतंय, कधीपासून होतंय. कृषी सेवा केंद्रात उलटा प्रकार. तिथं शेतकरी खिशातनं उसाचं एक पिवळं पान काढतो, काउंटरवर ठेवतो आणि विचारतो, "काय टाकू?" पलीकडचा माणूस ते पान उलटं करूनसुद्धा बघत नाही. त्याचा हात फळीकडं गेलेला असतो.

तालुक्याच्या हायस्कुलात मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त होऊन गावात राहायला आलो तेव्हापासून लोक हाच प्रश्न मलाही विचारतात. "सर, खोडवा पिवळा पडलाय, काय टाकू?" "सर, फुटवाच न्हाई, काय टाकू?" सर विज्ञानाचे, म्हणजे सरांना फळीवरच्या डब्यांची नावं पाठ असणार. मी म्हणतो, टाकू नको, आधी खण. दोन फूट खड्डा घे आणि मला हाक मार. दहातले आठ जण पुन्हा फिरकत नाहीत. खड्ड्याला पैसे पडत नाहीत, म्हणून त्याच्यावर विश्वासही बसत नाही.

माझं भांडण या प्रश्नाशी आहे, विचारणाऱ्याशी नाही. विचारणारा बिचारा कर्जात असतो आणि त्याला उद्या सकाळी काहीतरी करायचं असतं. पण "काय टाकू" हा प्रश्न त्याच्या तोंडात घालून त्यावर पोट भरणारी जी साखळी आमच्या भागात उभी राहिली आहे, तिनं गेल्या चाळीस वर्षांत कृष्णाकाठची जमीन जेवढी घालवली, तेवढी महापुरानंही घालवली नाही.

शहरातल्या वाचकाला आमचा भाग आधी सांगायला हवा. मिरज, पलूस, वाळवा, नदीपलीकडं शिरोळ. काळी, भारी, खोल जमीन. माझ्या लहानपणी ओढ्याकाठच्या रानात शाळू नुसत्या ओलीवर यायचा, पेरणीनंतर पाण्याचा थेंब न देता. हरभरा, भुईमूग, हळद, कुठं तंबाखू. पुढं नदीवर उपसा योजना झाल्या, पाट आले, साखर कारखाने आले आणि ऊस आला. उसानं पक्की घरं दिली, पोरांची शिक्षणं केली, हे मी नाकारत नाही. माझ्या स्वतःच्या शिक्षणाची फी उसातनंच गेली आहे. पण आज याच तालुक्यांतनं उन्हाळ्यात एसटीनं जाताना खिडकीतनं बघा. मधूनच रान पांढरं दिसतं. मीठ सांडल्यासारखं. त्यात ना ऊस ना गवत, कुठंतरी लव्हाळा आणि वेडी बाभळ. याला आम्ही क्षारपड म्हणतो. या पांढऱ्या रानाचा सात-बारा निघतो, शेतसारा भरावा लागतो, वाटणीत ते मोजलं जातं, फक्त त्यात काही उगवत नाही.

त्यातलं पावणेदोन एकर माझ्या थोरल्या काकीचं.

आजोबांच्या जमिनीची वाटणी झाली तेव्हा काका नुकतेच वारले होते. काकीच्या वाट्याला खालच्या अंगाचं, ओढ्याकाठचं रान आलं. त्या वेळी ते सगळ्यांत उजवं समजलं जायचं. विधवा बाईला चांगलं दिलं, असं भाऊबंद स्वतःच सांगत फिरायचे. पंधरा-वीस वर्षांत ते रान चिघळलं. आधी सरीच्या कडेनं पांढरी रेघ उमटायला लागली. मग उसाला पेरं आखूड यायला लागली. मग लागण केली की निम्मं बेणं उगवायचंच नाही. काकी पिशवी घेऊन केंद्रात जायची आणि विचारायची, काय टाकू. पहिल्या वर्षी युरियाची तीन पोती जास्त. दुसऱ्या वर्षी झिंक आणि मॅग्नेशियम. मग ह्यूमिकचा डबा. मग 'जमीन सुधारक' म्हणून पाच लिटरचा कॅन, त्यावर हिरव्या पानाचं चित्र. मग जिप्सम. पावत्या तिनं साखरेच्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या. मी एकदा बसून बेरीज केली. चार वर्षांत अडुसष्ट हजार रुपये. त्या चार वर्षांत रानातनं निघालेला ऊस त्या पैशातसुद्धा बसत नव्हता.

"आरं बाळ," ती मला म्हणाली, "एवढं खायाला घालतीया रानाला, पर अंगालाच लागंना."

यापेक्षा नेमकं वाक्य मी कुठल्या कृषी प्रदर्शनात ऐकलं नाही. अंगाला का लागत नाही, एवढंच विचारायचं होतं. ते सातांपैकी एकाही दुकानानं विचारलं नाही, कारण त्या प्रश्नाचं उत्तर विकता येत नाही.

केंद्रांच्या भिंतीवर एक चित्र असतं, खतकंपनीच्या कॅलेंडरवर वगैरे. लाकडी पिंप, त्याच्या फळ्या कमी-जास्त उंचीच्या, आणि सगळ्यांत आखूड फळीवरून पाणी वाहून चाललेलं. फळ्यांवर लिहिलेलं असतं नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह. लिबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८४० च्या सुमाराला ज्या नियमाचा प्रसार केला, त्याचं हे चित्र. जे अन्नद्रव्य सगळ्यांत कमी, त्यावर पिकाची वाढ अडते. बाकीची कितीही ओता. नियम खरा आहे, शाळेत मी तो आनंदानं शिकवला. पण भिंतीवरच्या चित्रात दोन फळ्या कधीच काढलेल्या नसतात. एक हवा, दुसरी निचरा. पोत्यात भरून या दोन गोष्टी विकता येत नाहीत, म्हणून त्या पिंपाला नाहीतच. आणि आमच्या काळ्या रानात नेमक्या याच दोन फळ्या सगळ्यांत आखूड आहेत. काकीच्या पिंपात नत्राची फळी डोक्याच्या वर गेली होती आणि पाणी घोट्याजवळनं वाहून जात होतं.

मराठीत यासाठी एक शब्द आहे, वाफसा. जमीन ना ओली चिंब ना कोरडी; मातीच्या कणाकणांमधल्या पोकळ्यांत थोडं पाणी, थोडी हवा. पिकाचं मूळ श्वास घेतं. प्राणवायू मिळाला तरच मुळाच्या अंगात ताकद तयार होते आणि ती खर्चून ते अन्न आत ओढतं. पाण्यानं सगळ्या पोकळ्या भरल्या की दोन-चार दिवसांत पांढऱ्या मुळ्या तपकिरी पडतात, मग काळ्या. काकीच्या रानात मी कुदळीनं खड्डा घेतला तेव्हा फूटभर खाली माती निळसर-करडी लागली आणि नासक्या अंड्याचा वास आला. दोन फुटांवर पाणी झिरपायला लागलं. मे महिना होता. आमचे आजोबा पेरणीआधी मातीची मूठ दाबून, पुन्हा उघडून वाफसा बघायचे. हल्ली मोटार रात्री वीज येईल तेव्हा आपोआप चालू होते आणि वीज जाईपर्यंत पाणी चालूच राहतं. दारं धरायला माणूस नसतो. उसाला पाणी लागतं हे खरं, पण उसाच्या मुळाला चोवीस तास पाण्यात उभं राहायचं नसतं. तो भात नव्हे.

आणि खाली साठलेलं हे पाणी गप्प बसत नाही. समईची वात जसं खालचं तेल वर ओढते, तसं भारी काळ्या मातीत पाणी वर चढतं. वर आलं की उन्हानं पाणी उडून जातं आणि त्यात विरघळलेलं मीठ तिथंच राहतं. वर्षानुवर्षं हेच. मग मुळाभोवतीचं पाणी इतकं खारट होतं की मुळाला ते ओढताच येत नाही. कैरीला मीठ लावून ठेवलं की काय होतं ते प्रत्येक बाईला माहीत असतं. कैरीच पाणी सोडते. खारवट रानातल्या उसाची तीच गत. पाण्यात उभा राहून तो तहानेनं वाळतो, पानांची टोकं करपतात, आणि शेतकरी ते बघून आणखी एक पाणी देतो. वर युरिया टाकतो. युरिया आणि पोटॅश यांचेसुद्धा जमिनीत शेवटी क्षारच होतात. लोणच्यात आणखी मीठ!

हे झालं खारवटाचं. याच्या पुढची पायरी चोपण. मिठातला सोडियम मातीच्या कणांना जाऊन चिकटतो आणि कण एकमेकांपासून सुटतात, इतके बारीक होतात की जमिनीची भोकंच बुजतात. पावसात पाय घोट्यापर्यंत रुततो आणि वाळल्यावर ढेकळावर कुदळ टणकन वाजते. पाणी वर साचून राहतं, आत जात नाही. इथं जिप्समचा उपयोग असतो. त्यातला कॅल्शियम सोडियमला कणावरनं ढकलून त्याची जागा घेतो. पण ढकललेला सोडियम जाणार कुठं? त्याला धुवून बाहेर न्यायला चर नसेल, तर तो तिथंच घोटाळतो आणि वर्षा-दोन वर्षांत परत कणावर बसतो. काकीला जिप्समची पोती विकणाऱ्यानं चराचं नाव काढलं नव्हतं.

आता सूक्ष्म जिवांबद्दल. अलीकडं हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आला आहे, ते बरंच झालं, पण तोही आता बाटलीत शिरला. लोकांना वाटतं, एकीकडं रासायनिक खत आणि दुसरीकडं जिवाणू, अशी दोन वेगळी दुकानं आहेत. तसं काही नाही. पोत्यातल्या युरियालासुद्धा जिवाणूच लागतात. युरिया जमिनीत पडला की जिवाणूंच्या विकरानं तो फुटतो, त्याचा अमोनिया होतो, मग दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि पीक मुख्यतः हे दोन प्रकार उचलतं. या नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू लागतो. रान पाण्यानं गुदमरलेलं असेल तर तिसरेच जिवाणू पुढं होतात. ते नायट्रेटमधला प्राणवायू ओढून स्वतः जगतात आणि उरलेलं नत्र वायू होऊन आभाळात निघून जातं. चोपण, विम्ल रानात वरच्या वर फेकलेल्या युरियाचा अमोनिया होऊन उडतो, सरीत वाकल्यावर डोळ्यांना झोंबतो, तो वेगळाच. काकीची तीन जादा पोती अशी वर गेली. काही पाण्याबरोबर खाली विहिरीत गेली. उसाला काय मिळालं ते पिवळ्या पानावर दिसतच होतं.

त्या पिवळ्या पानाचंही एक सांगतो, कारण सगळ्यांत जास्त पैसे याच पानावर उकळले जातात. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा-पांढरा, कोवळी पानं आधी. याला आमच्याकडं केवडा म्हणतात. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. पण आमच्या मातीत लोह कमी नाही, भरपूर आहे. चुनखडीमुळं आणि वाढलेल्या सामूमुळं ते न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडलंय, आणि जादा पाण्यानं ते आणखी अडकतं. कोठारात धान्य आहे, किल्ली हरवली आहे. हिराकस शेणखतात मुरवून दिलं की थोडा फरक पडतो, हे खरं. पण पाणी एक पाळी लांबवून, वाफसा येऊ देऊन केवडा आपोआप हिरवा झालेला मी पाच-सहा रानांत बघितला आहे. ते पाणी न देण्याचं बिल कुणी फाडलं नाही, म्हणून त्याची जाहिरातही नाही.

मग युरियाच का एवढा? शेतकरी अडाणी म्हणून? शहरात बसून असं म्हणणाऱ्यांनी दुकानात जाऊन भाव विचारावा. नीम-कोटेड युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं. डीएपीचं ५० किलोचं पोतं १३५० ला. २०१० मध्ये केंद्र सरकारनं खतांच्या अनुदानाची पद्धत बदलली, स्फुरद आणि पालाशच्या खतांचे भाव मोकळे सोडले आणि युरियाला त्यातनं वगळलं. म्हणजे ताटात वरण-भाजी महाग केली आणि मीठ फुकट ठेवलं. लोक मीठच जास्त घेणार. आडसाली उसाला विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची. सगळं युरियातनं द्यायचं म्हटलं तरी एकराला पावणेआठ पोती होतात. आमच्याकडं दहा-बारा टाकणारे मी घरं मोजून दाखवीन. त्यातल्या कुणालाही हौस नाही. टनेज कमी येतंय, हप्ता भरायचाय आणि दुकानात सगळ्यांत स्वस्त वस्तू हीच आहे.

मग माती परीक्षण आहे ना, असं कुणी म्हणेल. २०१५ साली मृद आरोग्य पत्रिका आली. कल्पना चांगली, मी स्वतः चार वाड्यांत फिरून मातीचे नमुने कसे घ्यायचे ते पोरांना दाखवलं. पत्रिकेवर बारा गोष्टी असतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. पण बागायत भागात अडीच हेक्टरच्या चौकटीला एक नमुना ठरवला होता. आमच्याकडं अडीच हेक्टरात सहा-सात भाऊबंद असतात. वरच्याचं रान मुरमाड, खालच्याचं चोपण. दोघांना एकच पत्रिका. आणि त्या बारा रकान्यांत पाणी किती फुटांवर आहे, हा रकाना नाही. कणावर सोडियम किती बसलाय, हा नाही. गांडूळ दिसलं का, हाही नाही. शेवटी खाली काय छापलेलं असतं? अमुक पिकाला अमुक खत इतके किलो. म्हणजे सरकारी कागदानंही त्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. काय टाकू?

बारांतला एक रकाना मात्र लाखमोलाचा आहे आणि त्याच्याकडं कुणी बघत नाही. सेंद्रिय कर्ब. जिवाणूंचं जेवण ते. कर्ब असला की माती रवाळ राहते, भोकं उघडी राहतात, पाणी धरतेही आणि सोडतेही. आणि आमच्या गावात दरवर्षी तोडणी झाली की कर्बाला काडी लावली जाते. उसाच्या एका हेक्टरात आठ-दहा टन पाचट पडतं. कापलेल्या रानात रात्री जाळ उठतो, सकाळी सगळं काळं. खोडव्याची मशागत सोपी होते, उंदीर-घुशी जातात, अशी कारणं. गेल्या हंगामात मी एका तरण्या पोराला विचारलं, का जाळतोस. तो म्हणाला, "कुजत न्हाई सर, पायात येतंय." कुजतं. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडं, म्हणून जिवाणूंना थोडं नत्र उसनं द्यावं लागतं. टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारं जिवाणू खत, ही कृषी विद्यापीठाची जुनी शिफारस आहे. पाचट सरीआड दाबायचं, बुडखे उघडे ठेवायचे. युरियाचा एवढा सरळ उपयोग दुसरा नाही. पण पाचट जाळून वर ह्यूमिकचा डबा विकत आणायचा, ही आमची रीत.

जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये १८८३ सालीच हे दुखणं सांगितलं होतं. डोंगरावरचा पालापाचोळा, जनावरांचं शेण-मूत पावसानं धुपून शेतात यायचं, ते जंगलखात्यानं बंद पाडलं आणि शेतं भुकी पडली, असा त्यांचा हिशेब होता. पुढं अल्बर्ट हॉवर्डनं इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात कंपोस्टची पद्धत बसवली, ती जगभर इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. आम्ही मात्र उकिरड्यावर पेव्हर ब्लॉक बसवले. पूर्वी धनगर रानात मेंढरं बसवायचे, त्यांना रात्रीला धान्य द्यायला लोकांत चढाओढ लागायची. आता बारमाही उसात मेंढरं बसवायची कुठं?

दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही माझं पटत नाही. पोत्यातलं सगळं विष आणि देशी गाईच्या शेणातलं सगळं अमृत, असं सांगणारी शिबिरं हल्ली तालुक्याला होतात. मुळाला नायट्रेट शेणातनं आलं की पोत्यातनं, हे कळत नाही. बहात्तरच्या दुष्काळात मिलो आणि सुकडी खाल्लेल्या माणसासमोर खत वाईटच, असं म्हणायला जीभ रेटत नाही. जीवामृत चांगलं, दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती. जिवाणूंना ती मेजवानीच. पण काकीच्या रानात एकानं तेही सहा महिने सोडून बघितलं. पाण्यानं भरलेल्या, खारट, हवा नसलेल्या रानात जिवाणू सोडणं म्हणजे धुरानं कोंडलेल्या खोलीत पाहुणे बोलावणं. दुकानातल्या जिवाणूंच्या बाटल्यांची तर कथाच वेगळी. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे काढून, तारीख उलटून गेलेली बाटली शेतात जाते तेव्हा आत जिवंत काय असतं, देव जाणे. विद्यापीठाचं ताजं रायझोबियमचं पाकीट स्वस्त असतं. ते सोयाबीनला चोळा, महिन्या-दीड महिन्यानं रोप उपटून मुळावरची गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी-लाल निघाली तर काम चालू आहे. एवढा सोपा, फुकटचा तपास कुठल्या बाटलीवर छापलेला नसतो.

बाहेरून येणारी घाण हा आणखी एक विषय. आमच्या ओढ्याला वरच्या अंगाच्या एका आसवनीचं काळं पाणी येतं. हंगामात, रात्रीचं. सकाळी ओढा चहासारखा. हे पाणी मोजून, पातळ करून, नियमानं दिलं तर त्यात पालाश असतो, ते मान्य. पण रात्री गुपचूप सोडलेलं पाणी कुणी मोजत नाही, आणि त्यातले क्षार जातात खालच्याच अंगाच्या रानात. दोनदा अर्ज दिले. दोन्ही वेळा तपासणीला माणूस आला त्या दिवशी ओढा स्वच्छ होता. तणनाशकाचंही असंच. उसात ॲट्राझिन मारलं जातं. मक्याला-उसाला ते सोसतं, पण त्याचा अंश जमिनीत राहिला की मागून केलेलं सोयाबीन किंवा भाजीपाला पिवळा पडतो. कर्ब असलेल्या जिवंत मातीत जिवाणू ते विष हळूहळू मोडतात, मेलेल्या मातीत ते रेंगाळतं. पीक पिवळं पडलं की शेतकरी पान खिशात घालून केंद्रात जातो. पुढचं सांगायला नको.

नीट पाहिलं तर या सगळ्यात एकच गोष्ट आहे. पाणी वरनं खाली येतं, मीठ वरनं खाली येतं, काळं पाणी वरनं खाली येतं. खालच्या अंगाला कोण असतं? विधवा असते, धाकटा भाऊ असतो, ज्याला वाटणीत बोलता आलं नाही तो असतो. वरचा माणूस वाहतं पाणी सोडतो आणि त्याचं रान चांगलं राहतं. दुखणं खालच्याच्या रानात उगवतं. मग गाव म्हणतं, बाईमाणसाच्या हातानं शेती व्हत न्हाई. काकीबद्दल हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, आणि बोलणाऱ्याच्याच मोटारीचं पाणी तिच्या बांधावरनं पाझरत होतं.

हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. नीरेच्या डाव्या कालव्याखाली बारामतीकडची जमीन इंग्रजांच्या काळातच पाणथळ आणि खारवट व्हायला लागली होती. १९१६ साली मुंबई सरकारनं त्यासाठी खास सिंचन विभाग काढला. दख्खनच्या कालव्यांखाली पाणी कसं द्यावं, जमिनी पाणथळ होणं कसं टाळावं, हे त्याचं काम. आज खडकवासल्याला जी केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा आहे, तिची सुरुवात ती. म्हणजे देशातली एवढी मोठी संस्था आमच्या चोपण जमिनीच्या पोटातनं जन्मली, आणि शंभर वर्षांनी आम्ही विचारतोय, काय टाकू. सांगलीजवळ कसबे डिग्रजला कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, तिथं याच जमिनींवर निचऱ्याचं काम चालतं. जमिनीखाली चार फुटांवर सच्छिद्र पाईप घालायचे, ते एका मोठ्या नळीला जोडायचे, ती ओढ्याला सोडायची. शिरोळला दत्त साखर कारखान्यानं शेतकऱ्यांना एकत्र आणून अशा पाइपांचं काम गावोगाव केलं. जिथं बाभळी होत्या तिथं पुन्हा ऊस उभा राहिलेला मी जाऊन बघून आलो. तिथंही निचरा झाल्यावर जिप्सम, ताग, प्रेसमड, शेणखत सगळं वापरलं. त्याच वस्तू, पण निचऱ्यानंतर.

अडचण अशी, की पाईप एकट्याच्या रानात घालून भागत नाही. एका रानाचं पाणी दुसऱ्याच्या रानातनं गेल्याशिवाय ओढ्याला पोहोचत नाही. आणि ओढाच जागेवर नाही. नकाशात आमचा ओढा तेहतीस फूट रुंद आहे. रानात तो कुठं सात फूट, कुठं तीन. दोन्ही काठांनी प्रत्येकानं दरवर्षी एकेक तास नांगर आत घातला. ज्याचं पाच गुंठे रान वाढलं त्यानं खालच्याचं पावणेदोन एकर बुडवलं, आणि हा हिशेब कुठल्याही दुकानात सुटत नाही. डबा विकत घ्यायला शेजाऱ्याशी बोलावं लागत नाही. चराला लागतं. म्हणून तर डबा खपतो.

काकी आता एक्क्याऐंशीची आहे. खत तिनं बंद केलंय. तेवढ्या रानात मी आणि तिच्या नातवानं धैंचा पेरला आहे, तो खारट मातीत तग धरतो. ओढ्याची मोजणी व्हावी आणि सामाईक चर काढावा म्हणून आम्ही अर्ज केला आहे. ओढ्याच्या दोन्ही अंगांना मिळून चौदा खातेदार आहेत. नऊ जणांनी सह्या दिल्या. राहिलेल्या पाचांतले दोघे पुण्याला असतात, त्यांना फोन झालाय, दिवाळीला येतील तेव्हा सही करतील. एक जण म्हणतो, आधी खर्च किती ते सांगा. आणि दोघं वरच्या अंगाचे आहेत. त्यांचं रान चांगलं आहे. त्यातला एक मला पारावर भेटला तेव्हा म्हणाला, "सर, आमच्या रानातनं कशाला चर? तुमी काकीच्या रानात कायतरी चांगलं औषध टाका की." मोजणीची फी मी भरून टाकली आहे, तारीख पुढच्या महिन्यातली आहे.